नेमणूक, बदली, रजा : महाविद्यालयीन वृत्ताच्या भाषेचा इतिहास

१

महाविद्यालयाच्या कार्यालयातून अध्यापक व कर्मचारी यांच्यासाठी जे वृत्त वेळोवेळी निघते, त्यास इतिहासाचे साधन समजण्याची प्रथा नाही. कोणाची नेमणूक झाली, कोण रुजू झाले, कोणाची रजा मंजूर झाली, कोणाचा प्रबंध पदवीस पात्र ठरला, कोणाचे व्याख्यान कोठे झाले, एवढाच त्याचा मजकूर असतो. वर्ष संपले की ते कागद दप्तरात जातात व पुढे रद्दीत निघतात. संस्थेचा इतिहास लिहिताना कायदे, देणग्या, इमारती व प्राचार्यांची नामावळी यांचा आधार घेतला जातो. वृत्ताच्या कागदाकडे कोणी वळत नाही. तथापि संस्था आपल्या अध्यापकास कोण समजते, ह्या प्रश्नाचे उत्तर तिच्या घटनेपेक्षा ह्याच कागदात अधिक स्पष्टपणे सापडते.

ह्या मजकुरातील शब्दांची छाननी केली असता ते दोन निरनिराळ्या थरांतले आहेत असे दिसून येते. अर्ज, मंजूर, मुदत, रजा, हजेरी, बदली, हुद्दा, रुजू हे शब्द अरबीतून फार्शीच्या द्वारे मराठीत आले. दप्तर, कारकून, शिपाई, बडतर्फ हे फार्शीतून आले. पगार हा शब्द पोर्तुगीजांनी दिला. उलटपक्षी पदवी, प्रबंध, व्याख्यान, संशोधन, सत्कार, अभिनंदन, गौरव हे सर्व संस्कृत शब्द होत. एकाच अध्यापकाविषयी एकाच पानावर दोन वाक्ये असतात. त्याने अर्ज केला, त्याची रजा मंजूर झाली, तो अमुक तारखेस रुजू झाला, हे पहिल्या थरातील शब्दांत सांगितले जाते. त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्याबद्दल त्याचे अभिनंदन, हे दुसऱ्या थरातील शब्दांत. पहिल्या वाक्यातील मनुष्य चाकर आहे, दुसऱ्या वाक्यातील विद्वान आहे.

हा भेद केवळ शब्दांच्या व्युत्पत्तीचा असता तर त्याचे महत्त्व कोशकारापुरतेच राहिले असते. परंतु त्याच्या मागे अध्यापकाच्या दर्जाचा एक दीर्घ वाद आहे. तो वाद लंडन, मुंबई व पुणे ह्या तिन्ही ठिकाणी झाला, आणि प्रत्येक ठिकाणी वृत्त कोणी कोणास, कोणत्या शब्दांत व कारणासह की कारणावाचून कळवावयाचे, ह्या प्रश्नाशी तो निगडित होता. प्रस्तुत लेखात त्या वादाचे स्थूल टप्पे मांडले आहेत.

२

पेशवाईत विद्वानास मिळणाऱ्या द्रव्यास दक्षिणा हा शब्द होता. श्रावणमासात पुण्यास जमणाऱ्या ब्राह्मणांस ती वाटली जाई. ती वाटणारी सत्ता होती व घेणारा आश्रित होता, ह्यात संशय नाही. परंतु शब्द मात्र आदराचा होता. दक्षिणा घेणारा कोणाचा चाकर ठरत नसे. नेमणूक ह्या शब्दाचाही त्या काळचा एक अर्थ आज लोपला आहे. पेशवेकालीन हिशेबांत नेमणूक म्हणजे ठरवून दिलेली रक्कम असाही अर्थ होई. नेमणूक रकमेची होती, ती पुढे माणसाची झाली. रुजू शब्दाचा प्रवासही असाच आहे. अरबीत मूळ अर्थ परत येणे. मराठी दप्तरात कागद ताडून पाहिला व बरोबर निघाला म्हणजे तो रुजू. आज कागदाऐवजी मनुष्य रुजू होतो.

राज्याभिषेकाच्या काळात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला व कारभारातील यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरीही पुढील शतकाच्या दप्तरात फार्शी शब्द टिकून राहिलेच. कोश पर्याय सुचवू शकतो, पण रोजच्या लेखणीची सवय मोडणे त्याच्या हाती नसते.

६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्यास विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज ह्या नावाने संस्कृत पाठशाळा सुरू झाली. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते व विल्यम चॅप्लिन दक्षिणेचे कमिशनर होते. दक्षिणेच्या निधीतील द्रव्य तिच्याकडे वळविण्यात आले होते. ह्या घटनेचा शैक्षणिक इतिहासात पुष्कळ उल्लेख येतो. भाषिक अंगाने तिचे महत्त्व असे की ज्या निधीतून कालपर्यंत शास्त्र्यास दक्षिणा मिळत होती, त्याच निधीतून आता त्यास पगार मिळू लागला. पुढे विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्या निधीतून महाविद्यालयांत शिष्यवृत्त्या ठेवल्या गेल्या व त्या घेणाऱ्यांस दक्षिणा फेलो म्हणू लागले. महादेव गोविंद रानडे हे असे फेलो होते. संस्कृत व इंग्रजी यांच्या ह्या विलक्षण समासात एका संक्रमणाची सर्व कथा आली आहे. पूर्वपदात विद्वानाचा मान आहे, उत्तरपदात नव्या संस्थेतील त्याची जागा आहे.

१८३७ साली ह्या पाठशाळेवर देखरेखीसाठी मेजर टॉमस कॅंडी यांची योजना झाली. हेच कॅंडी सरकारचे मराठी भाषांतरकार होते, मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यात सहकारी होते, आणि विरामचिन्हांची परिभाषा मराठीस शिकविणारेही तेच. विद्यालयाचा प्रमुख व सरकारी मराठी गद्याचा नियंता एकच असावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. मराठेशाहीच्या पत्रांत आज्ञा देताना ‘करणे’, ‘पाठविणे’, ‘जाणिजे’ अशी रूपे येत. आज्ञा करणारा कोण व ती कोणास, हे पत्राच्या मायन्यातच स्पष्ट असे. इंग्रजी अमलातील भाषांतरित कारभारी गद्यात त्या जागी ‘कळविण्यात येते की’, ‘नेमणूक करण्यात येत आहे’ हा प्रयोग रूढ झाला. ह्या रचनेत कर्त्याला स्थानच नाही. नेमणूक कोणी केली, बदली कोणाच्या मनात आली, हे वाक्यात विचारताच येत नाही. इंग्रजी कर्मणि प्रयोगाच्या सावलीत हा विस्तार झाला असे मानावयास जागा आहे. पूर्वीची आज्ञा कठोर असेल, परंतु तिला उत्तर देण्यास समोर एक मनुष्य होता. नव्या सूचनेला तो नव्हता.

३

कारणावाचून कळविण्याचा प्रश्न सर्वप्रथम ठळकपणे उपस्थित झाला तो लंडन येथे. १८२६ साली तेथे लंडन युनिव्हर्सिटी ह्या नावाची संस्था स्थापन झाली व १८२८ साली तिचे वर्ग सुरू झाले. धर्मपंथाची अट न घालता शिक्षण देणारी ती इंग्लंडातील पहिली अशी संस्था होय. १८३६ साली तिचे नाव युनिव्हर्सिटी कॉलेज असे झाले व लंडन विद्यापीठ ह्या नावाची एक वेगळी परीक्षक संस्था स्थापन झाली. मुंबईच्या दृष्टीने ही घटना फार महत्त्वाची ठरली, हे पुढे दिसेल.

ह्या संस्थेची व्यवस्था भागधारकांनी निवडलेल्या मंडळाकडे होती. प्राध्यापक हे मंडळाने नेमलेले लोक होते. निर्णयात त्यांना स्थान नव्हते. शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक ग्रॅनव्हिल शार्प पॅटिसन यांच्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी गडबड केली व १८३१ साली मंडळाने पॅटिसन यांस दूर केले. त्यांच्या योग्यतेवर ठपका ठेवलेला नव्हता. ह्या निर्णयाच्या निषेधार्थ ज्या प्राध्यापकांनी राजीनामे दिले त्यांत गणिताचे तरुण प्राध्यापक ऑगस्टस डी मॉर्गन हे प्रमुख होते. त्यांचा जन्म १८०६ साली दक्षिण भारतात मदुरा येथे झाला होता. डी मॉर्गन यांचे म्हणणे पॅटिसन यांच्या गुणदोषांविषयी नव्हते. ज्या संस्थेत प्राध्यापकास कारण न दाखविता दूर करता येते, तेथे स्वाभिमानी मनुष्याने राहू नये, एवढेच ते होते. त्याच वर्षी संस्थेचे वॉर्डन लिओनार्ड हॉर्नर हेही पदावरून गेले. पुढे घटनेत बदल होऊन अध्यापकांच्या मंडळास अधिक स्थान मिळाले आणि १८३६ साली डी मॉर्गन पुन्हा त्याच आसनावर आले.

ह्या प्रकरणाचे तात्पर्य असे की, प्राध्यापकास आपल्याविषयीचा निर्णय कळणे पुरेसे नाही. त्याचे कारण कळणे हाही त्याच्या पदाचा भाग आहे. कारण सांगावे लागले म्हणजे सांगणाऱ्यास आपण कोण हे प्रकट करावे लागते. कर्ता नसलेल्या वाक्याने कारण देता येत नाही.

ह्याच महाविद्यालयात पुढे दादाभाई नौरोजी यांनी गुजराती भाषेचे प्राध्यापकपद भूषविले. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणिताचे पहिले भारतीय प्राध्यापक होण्याचा मान मिळवून ते १८५५ साली विलायतेस गेले होते. म्हणजे लंडन व मुंबई यांच्यात केवळ कायद्याचा नव्हे, तर अध्यापकांच्या येण्याजाण्याचाही संबंध होता.

४

१८५४च्या वुड यांच्या खलित्यानुसार १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. नमुना म्हणून घेतले गेले ते १८३६चे परीक्षक विद्यापीठ, शिकविणारे महाविद्यालय नव्हे. कुलपती, कुलगुरू व फेलो यांचे मिळून विद्यापीठ होई. मुंबईचे पहिले कुलपती गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन व पहिले कुलगुरू सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर विल्यम यार्डली होते. फेलो हे सरकारनियुक्त असत. काही प्राचार्य त्यांत असले तरी केवळ अध्यापक असल्यामुळे कोणी विद्यापीठाचा घटक ठरत नसे. विद्यापीठाला विद्यार्थी नव्हते, परीक्षार्थी होते. अध्यापक नव्हते, परीक्षक होते.

ह्या रचनेचा परिणाम वृत्ताच्या स्वरूपावर झाला. विद्यापीठाकडून दरवर्षी कॅलेंडर निघे. त्यात कायदे, नियम, फेलोंची व पदवीधरांची नावे, देणग्या व पारितोषिके असत. ते पुस्तक अध्यापकास उपयोगी होते, परंतु त्यास उद्देशून लिहिलेले नव्हते. महाविद्यालयांचे वृत्त वेगळ्या वाटेने जाई. १८५५ साली शिक्षणखाते निर्माण झाले. त्याचे पहिले संचालक क्लॉडियस जेम्स अर्स्किन होते. महाविद्यालयाचा प्राचार्य वर्षाचा अहवाल संचालकाकडे पाठवी, संचालक तो आपल्या अहवालात गोवून सरकारकडे पाठवी. वृत्त खालून वर जाई. वरून खाली जे येई ते नेमणुकीचा किंवा बदलीचा हुकूम ह्या रूपाने, आणि तो सरकारच्या गॅझेटात मामलेदार, मुनसफ व पोलीस अधिकारी यांच्या नेमणुकांच्या सोबत छापला जाई. संस्कृतचा प्राध्यापक व जिल्ह्याचा अव्वल कारकून हे एका यादीत, एका भाषेत व एकाच क्रियापदाने नमूद होत.

ह्या यादीतील एक लहानसा शब्द अनेकांच्या आयुष्यावर परिणाम करून गेला. तो म्हणजे हंगामी. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे विद्यापीठाच्या १८६२च्या पहिल्या पदवीधरांपैकी. एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून त्यांनी हंगामी काम केले. जागा कायम भरण्याची वेळ आली तेव्हा १८७३ साली ती पीटर पीटर्सन यांस मिळाली व भांडारकर साहाय्यक राहिले. कीलहॉर्न यांच्यानंतर १८८२ साली ते डेक्कन महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १८९३ साली ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्यास प्राध्यापकाच्या जागेवर कायम करण्यास खात्याला इतकी वर्षे लागली, त्यास विद्यापीठाने आपल्या सर्वोच्च कार्यकारी पदी बसविले. हा विरोध व्यक्तींचा नव्हे, दोन यंत्रणांचा होता. १८९६ साली तर खात्याची पुनर्रचना होऊन वरची श्रेणी व प्रांतिक श्रेणी अशी उघड विभागणी झाली, आणि भारतीय अध्यापक बहुतांशी दुसऱ्या श्रेणीत राहिले.

बदली हा दुसरा शब्द. शिक्षणखात्याच्या आश्रयाने मराठी शालापत्रक नावाचे मासिक निघत असे. मराठीत शिक्षकांसाठी निघालेल्या नियतकालिकांत त्याचे स्थान आरंभीचे आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकर व नंतर विष्णुशास्त्री यांनी ते चालविले. शिक्षकास आपले वृत्त आपल्या भाषेत व आपल्यापैकीच एकाच्या लेखणीतून मिळण्याची ही संधी होती. तथापि मासिक खात्याचे होते व लेखणी विष्णुशास्त्र्यांची होती. १८७५ साली ते बंद झाले. १८७४ पासून विष्णुशास्त्र्यांची निबंधमाला सुरू होतीच. पुढे त्यांची बदली पुण्याहून रत्नागिरीस झाली, व १८७९ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली. निबंधमालेतील मतांचे हे प्रायश्चित्त होय असा समज तेव्हापासून रूढ आहे. तो समज सिद्ध करता येतो किंवा खोडून काढता येतो असे नाही, कारण बदलीच्या हुकुमास कारण लिहावयाचे नसते. ‘बदली करण्यात येत आहे’ ह्या वाक्याचे सामर्थ्य ह्यातच होते.

५

नेमके ह्याच काळात इंग्लंडात निराळी घडामोड होत होती. २८ जानेवारी १८७० रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाचे गॅझेट निघू लागले व त्याच वर्षी ऑक्टोबरात केंब्रिज विद्यापीठाचा रिपोर्टर सुरू झाला. सभांच्या सूचना, व्याख्यानांचे वेळापत्रक, रिक्त जागा, समित्यांचे अहवाल, निवडणुका असा त्यांचा मजकूर असे. वरवर पाहता मुंबई सरकारच्या गॅझेटाहून हा मजकूर फार वेगळा वाटणार नाही. फरक वाचकात होता. केंब्रिजचा रिपोर्टर वाचणारा पदवीधर अध्यापक हा विद्यापीठाच्या निर्णयावर मत देणारा मनुष्य होता. प्रस्ताव छापावयाचा, त्यावर चर्चा व्हावयाची, चर्चाही छापावयाची, मग मतदान. तेथे वृत्त हे निर्णयानंतरचे कळविणे नव्हते. निर्णयापूर्वीचे विचारणे होते.

अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८७६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झाले. संशोधनास अध्यापनाच्या बरोबरीचे स्थान देणारे हे विद्यापीठ डिसेंबर १८७९ पासून आपली परिपत्रके छापील पत्रिकेच्या रूपाने काढू लागले. त्यात नेमणुका व वेळापत्रके असत, आणि त्यांच्याच शेजारी विभागीय मंडळांत वाचलेल्या निबंधांचे सारांशही असत. अध्यापकाविषयीचे प्रशासकीय वृत्त व अध्यापकाने निर्माण केलेले ज्ञान ही दोन्ही एका पत्रिकेत प्रथम इतक्या नियमितपणे एकत्र आली ती येथे. आज ज्यास विभागीय संशोधन-पत्रिका म्हणतात तिचे पूर्वरूप ह्या परिपत्रकांत पाहता येते.

पुण्यात ह्या गोष्टी कोणी अनुकरणाने आणल्या असे म्हणता येत नाही. परंतु अध्यापकच संस्थेचे घटक असावेत, हा विचार तेथे स्वतंत्रपणे व अधिक टोकास नेला गेला. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री, टिळक व त्यांचे सहकारी यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली व २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय उघडले. वामन शिवराम आपटे त्याचे पहिले प्राचार्य होते. ह्या संस्थेत अध्यापक हा आजीव सभासद होता. वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा करून तो येई आणि संस्थेच्या अंतर्गत कारभारात त्याचे मत असे. त्याची बदली करणारा कोणी नव्हता. त्याचे वेतन त्यानेच आपल्या सहकाऱ्यांसह ठरवावयाचे होते.

ह्या व्यवस्थेतील वृत्ताचे साधन म्हणजे सभेचे इतिवृत्त. ‘नेमणूक करण्यात येत आहे’ असे त्यात म्हणता येत नाही. ‘सभेने ठरविले’ असे म्हणावे लागते. वाक्यात कर्ता परत आला. तो परत आला म्हणून वाद मिटला असे मात्र झाले नाही. सभासदाने संस्थेबाहेर द्रव्यार्जन करावे की नाही, वेतनात भर पडावी की नाही, ह्या प्रश्नांवर मतभेद वाढत गेले व डिसेंबर १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. राजीनाम्यासोबत त्यांनी आपली कारणे सविस्तर लेखी मांडली. लंडनला १८३१ साली ज्या गोष्टीसाठी डी मॉर्गन बाहेर पडले ती गोष्ट, म्हणजे कारणांचा उघड उच्चार, पुण्यात संस्था सोडतानाही पाळली गेली. सोडणारा दुखावला होता, राहिलेलेही दुखावले होते. पण काय घडले व का घडले हे सांगण्यास भाषा उपलब्ध होती. १८७३च्या हंगामी प्राध्यापकास व रत्नागिरीस गेलेल्या शिक्षकास ती उपलब्ध नव्हती.

तथापि एक उणीव येथे नोंदविली पाहिजे. टिळकांचे हे निवेदन इंग्रजीत होते. मराठी वृत्तपत्रसृष्टीस ज्यांनी नवे तेज दिले, त्यांच्या महाविद्यालयातील अध्यापक परस्परांस इंग्रजीतच कळवीत होते. उच्च शिक्षण मातृभाषेत देण्याचा प्रयोग १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी स्थापिलेल्या महिला विद्यापीठात झाला. पुरुषांच्या महाविद्यालयांनी त्याचे अनुकरण केले नाही.

६

विद्यापीठाने स्वतः शिकवावे हा विचार विसाव्या शतकात बळावला. लंडन विद्यापीठाचे रूपांतर १८९८च्या कायद्याने झाले. भारतात १९०४चा कायदा आला. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभाग १९१९ साली निघाला. समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडीस होते. विद्यापीठाला प्रथमच स्वतःचे अध्यापक मिळाले आणि त्यांच्या लेखनासाठी पुढे विद्यापीठाची संशोधन-पत्रिका निघाली.

ह्यानंतरची सर्वांत बोलकी घटना डेक्कन महाविद्यालयाची होय. १८२१च्या पाठशाळेचा हा वारस १८६८ साली येरवड्याच्या बाजूस नव्या वास्तूत गेला होता. जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीचा त्यास मोठा आधार होता. १९३४ साली सरकारने ते बंद केले. भांडारकरांनी जेथे शिकविले व टिळक जेथे शिकले ते महाविद्यालय खात्याच्या निर्णयाने मिटले. माजी विद्यार्थ्यांनी हा निर्णय स्वीकारला नाही. देणगीच्या अटींचा आधार घेऊन ते न्यायालयात गेले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ती संस्था पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडली. इराच तारापोरवाला तिचे पहिले संचालक होते. सुमित्र मंगेश कत्रे भाषाशास्त्रात, हसमुख सांकलिया प्राचीन इतिहासात, त्र्यंबक शंकर शेजवलकर मराठ्यांच्या इतिहासात व इरावती कर्वे समाजशास्त्रात काम करू लागल्या. संस्थेने त्याच वर्षी आपली पत्रिका सुरू केली.

हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. वसतिगृह व वर्ग यांची जुनी घडी परत येण्याची वाट न पाहता पत्रिका निघाली. अध्यापकाने काय शोधले हेच आता त्या संस्थेचे मुख्य वृत्त होते. १९३४चा हुकूम ज्या भाषेत आला होता, त्या भाषेला दिलेले हे उत्तर होते असे म्हणावयास हरकत नाही. परंतु ही पत्रिकाही इंग्रजीत होती.

७

पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू. १९५८ साली मराठवाडा व १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघाले. १९६० साली महाराष्ट्र राज्याबरोबर भाषा संचालनालय आले व १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. विद्यापीठीय वृत्त मराठीत लिहिण्याची गरज आता प्रत्यक्षात उभी राहिली. तत्पूर्वी सयाजीराव गायकवाडांच्या प्रेरणेने निघालेल्या १९३१च्या शासन-कल्पतरू ह्या बहुभाषी कोशाने, तसेच भाषाशुद्धीच्या चळवळीने व तिला माधवराव पटवर्धनांनी १९३८ साली घातलेल्या विवेकाच्या मर्यादेने ह्या कामाची पूर्वतयारी केली होती.

नवी परिभाषा संस्कृताधिष्ठित झाली. प्रोफेसराचा प्राध्यापक झाला, प्रिन्सिपॉलचा प्राचार्य झाला, सेनेटची अधिसभा झाली, रजिस्ट्रारचा कुलसचिव झाला. मराठीने विद्यापीठ हा शब्द पत्करला, हिंदीने विश्वविद्यालय. हिंदीत ज्यास कुलपती म्हणतात त्यास मराठीत कुलगुरू म्हणतात, आणि मराठीतील कुलपती हिंदीत कुलाधिपती होतात. हे भेद किरकोळ नाहीत. प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्यास हिंदीने कुळाचा स्वामी मानले. मराठीने गुरू मानले. शब्दाने सत्ता बदलत नाही हे खरे, परंतु सत्तेकडून कशाची अपेक्षा करावयाची हे तो सांगतो.

मात्र पदनामे बदलली तरी क्रियापदे राहिली. कुलसचिवांच्या परिपत्रकातही ‘कळविण्यात येते की’ हाच प्रारंभ राहिला. अध्यापक अद्यापही रुजू होतो, रजेचा अर्ज करतो, ती मंजूर होते. ह्या शब्दांचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. रजा, हजेरी, मुदत हे शब्द आता तितकेच मराठी आहेत जितके पदवी व प्रबंध. दोष शब्दाच्या कुळात नसून कर्ता लपविणाऱ्या वाक्यात आहे. निव्वळ शब्दशुद्धीने हा दोष जात नाही, उलट संस्कृत पदांच्या गांभीर्यामुळे तो अधिक झाकला जातो.

नव्या परिभाषेने एक नवा अन्यायही केला आहे. कार्यालयीन सेवक, प्रयोगशाळा-परिचर, ग्रंथालयातील मदतनीस, शिपाई ह्या सर्वांस मिळून शिक्षकेतर कर्मचारी हे नाव पडले. जे शिक्षक नाहीत ते, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांच्या हातून सूचनावही वर्गोवर्गी फिरली, ज्यांनी इंग्रजीतील मजकूर न वाचताही प्रत्येकाची सही घेऊन ती वेळेवर परत आणली, त्यांना स्वतःचे नाव भाषेने दिले नाही. दुसऱ्याच्या नावाचा नकार दिला. महाविद्यालयीन वृत्ताचा इतिहास अध्यापकाच्या दर्जाशी जसा बांधलेला आहे तसाच तो ह्या वाहकाच्या दर्जाशीही आहे, आणि दुसरा भाग जवळजवळ अलिखित आहे.

शेवटी सूचना ह्या शब्दाचा विचार करणे उचित होईल. मराठीत सूचना देतात आणि सूचना करतातही. सूचना देणारा अधिकारी असतो. ती पाळावयाची असते. सूचना करणारा सभासद असतो. तिचा विचार व्हावयाचा असतो. नाम एकच, परंतु क्रियापद बदलले की बोलणाऱ्याचे स्थान बदलते. मुंबई सरकारच्या गॅझेटापासून आजच्या परिपत्रकापर्यंत अध्यापकाला व कर्मचाऱ्याला सूचना दिल्या गेल्या. केंब्रिजच्या रिपोर्टरमध्ये व फर्ग्युसनच्या आजीव सभासदांच्या सभेत सूचना केल्या गेल्या. कोणत्याही महाविद्यालयाचे वृत्तपत्रक हाती घ्यावे व त्यात दिलेल्या सूचना किती व केलेल्या किती, त्या कोणी केल्या, त्यांचा निर्णय कोणत्या कारणाने झाला, हे मोजावे. ती संस्था आपल्या माणसांस घटक समजते की यादीतील नावे समजते, हे त्या मोजणीतून घटनेच्या कलमांपेक्षा अधिक निश्चितपणे कळेल. ह्या दृष्टीने महाराष्ट्रातील जुन्या महाविद्यालयांच्या सूचनावह्या, सभांची इतिवृत्ते व परिपत्रके रद्दीत जाण्यापूर्वी जतन करणे हे इतिहासाच्या व भाषाशास्त्राच्या विभागांचे समान कर्तव्य ठरते.